आधी ब्लँकला जप

पोरी, सोनाराच्या दुकानातल्या केरात आणि हात धुतलेल्या पाण्यात किती सोनं वाया जातं ते रंगावरून मोजायचं, असा विषय तू घेतलास हे तुझ्या आईनं सांगितलं. बरा घेतलास. एव्हाना तुझ्या मोबाइलवर ढीगभर पेपर साठले असतील. ॲसिड किती घालायचं, रंग किती, रीडिंग कुठं घ्यायचं, हे सगळं त्यांत आहे. त्यांत नसतं ते मी सांगतो. माझी उभी नोकरी वालचंदनगरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. सोन्याशी माझा संबंध तुझ्या मामीच्या दागिन्यांपुरता. पण डोळ्यांना न दिसणारी वस्तू रंगावरून पकडायची, हे काम आम्ही शिफ्टमागून शिफ्ट केलंय.

आमच्याकडं पॅन आणि इव्हॅपोरेटरची वाफ थंड होऊन जे गरम पाणी परत यायचं, ते बॉयलरला जायचं. त्यात चुकून साखर मिसळली, तर बॉयलरच्या नळ्यांची वाट लागते. म्हणून त्या पाण्याची सारखी तपासणी चाले. परीक्षानळीत थोडं पाणी घ्यायचं, अल्फा नॅप्थॉलचे दोन-चार थेंब टाकायचे, नळी तिरकी धरून कडेकडेनं सांद्र सल्फ्युरिक ॲसिड सोडायचं. साखर असली की दोन थरांच्या मधे जांभळी कडी उठते. दहा लाख भागांत साखरेचे थोडेसे भाग असले तरी ती दिसते. गंमत अशी, की नळी सुती फडक्यानं पुसलेली असली आणि त्याचा एखादा तंतू आत राहिला, तरी तशीच कडी उठते. कापूस म्हणजे सेल्युलोज आणि सेल्युलोज हेही शर्कराकुळातलंच. त्यामुळं जाणता केमिस्ट नेहमी दोन नळ्या लावायचा. एकीत बॉयलरचं पाणी, दुसरीत डिस्टिल्ड वॉटर. दुसरीत कडी उठली, तर पहिलीकडं बघायचंच नाही. त्या दुसऱ्या नळीला ब्लँक म्हणतात हे तुला ठाऊक आहे. पण तुम्ही पोरं ब्लँक घेता ती मशीन शून्यावर आणण्यापुरती. ती शून्यावर आणली की तुमचा तिच्याशी संबंध संपतो. मला आज सांगायचं आहे ते मुख्यतः याबद्दलच.

तुझ्या पद्धतीत जो गुलाबी-जांभळा रंग दिसणार आहे, तो सोन्याचा नाही. तो ऱ्होडामीन बी या रंगद्रव्याचा आहे. सोनं अम्लराजात विरघळलं की त्याभोवती चार क्लोरीन बसतात आणि त्या घोळक्यावर एक ऋण भार येतो. हा घोळका स्वतः पिवळा असतो खरा, पण फार फिका. त्याचं स्वतःचं शोषण 313 नॅनोमीटरच्या आसपास, अतिनील भागात. तिथली मोलर शोषकता पाच हजारांच्या घरात. ऱ्होडामीनच्या धन आयनाशी त्याची जोडी जमली आणि ती जोडी पाण्यातून निघून वरच्या सेंद्रिय द्रावकात गेली, की 565 नॅनोमीटरला तीच शोषकता 97 हजारांच्या आसपास जाते. सोनं तेवढंच, पण दिसणं जवळजवळ वीसपट. सोन्याच्या 197 या अणुभाराला 97 हजारांनी भागलंस, तर सँडेलचा आकडा येतो, दर चौरस सेंटिमीटरला 0.002 मायक्रोग्रॅम. म्हणजे एवढ्या सोन्यानं रीडिंगमध्ये 0.001 चा फरक पडतो. हा सँडेल अमेरिकेत मिनेसोटाला शिकवायचा. धातूंचे सूक्ष्म अंश रंगावरून मोजण्याचं त्याचं पुस्तक 1944 सालचं आहे. लायब्ररीत जुनी प्रत मिळाली, तर आधी त्यातली सोन्याच्या आधीची पानं वाच. भांडी, पाणी, द्रावकं यांबद्दल त्यात जे लिहिलंय, ते हल्लीचे पेपर जागेअभावी लिहीत नाहीत.

रंग मोजतो आपण रंगद्रव्याचा आणि नाव लावतो सोन्याचं. म्हणून सोन्याशिवाय आणखी कुणी तो रंग वर नेला, तर मशीन तेही सोनं म्हणूनच दाखवणार. मशीनला विचारायची सोय नाही, ब्लँकला आहे. ब्लँक करताना केवळ डिस्टिल्ड वॉटर क्युव्हेटमध्ये ओतू नकोस. नमुन्याचं जे जे होतं, ते ते सगळं ब्लँकचंही व्हायला हवं. तोच अम्लराज, तेवढाच वेळ वॉटर बाथवर, तोच गाळणकागद, तेच हलवणं, तोच द्रावक. रोज निदान तीन ब्लँक कर आणि तिघांची रीडिंग वेगवेगळी लिहून ठेव. त्यांची सरासरी वजा करण्यापेक्षा त्यांच्यातला फरक जास्त बोलका असतो. त्या रीडिंगांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट केलीस, की तुझ्या पद्धतीला खाली कुठवर दिसतं ते कळतं. पेपरात छापलेली मर्यादा ही त्या माणसाच्या ब्लँकची आहे, तुझ्या नव्हे.

ऱ्होडामीनचा एक स्वभाव मला फार आवडतो. बेंझीन, टोल्युईन, ईथर असल्या कोरड्या द्रावकात त्याचा रेणू गुंडाळी करून बसतो आणि रंगहीन होतो. म्हणून जास्तीचं रंगद्रव्य वर गेलं तरी फारसं दिसत नाही. सोन्याबरोबर गेलेलं तेवढं रंगीत राहतं. ही पद्धत उभी आहे ती या गुणावर. पण त्या थरात अल्कोहोलचा अंश गेला, की गुंडाळी सुटते आणि रंग येतो. काचेला चिकटूनही थोडा रंग उमटतो. म्हणून क्युव्हेट अल्कोहोलनं धुतलीस, तर ती पूर्ण सुकू दे. मग ज्या द्रावकात मोजणार त्यानंच दोनदा खळबळ आणि मग भर. एका बॅचला एकच क्युव्हेट, आणि खुणेची बाजू दर वेळी दिव्याकडे. क्युव्हेटला गुलाबी झाक धरली, तर थोडं हायड्रोक्लोरिक घातलेलं अल्कोहोल लावून सोडव. घासू नकोस.

रंगद्रव्याची बाटली मात्र एकच ठेव. बाजारातलं ऱ्होडामीन शंभर टक्के शुद्ध नसतं आणि दोन बाटल्या सारख्या नसतात. मालिकेच्या मध्यावर बाटली संपली, तर स्टँडर्ड पुन्हा पहिल्यापासून लाव. आणि हे खाण्याच्या रंगांपैकी नाही हे लक्षात ठेव. 2024 च्या फेब्रुवारीत तमिळनाडू सरकारनं साखरेच्या गुलाबी कापसावर, आपल्याकडच्या म्हातारीच्या केसांवर, बंदी घातली ती त्यात ऱ्होडामीन बी सापडलं म्हणूनच. तुझ्या हाताला लागलेला गुलाबी रंग डब्यातल्या भाकरीला लागता कामा नये.

आता सोनं द्रावणात आणायचं काम. इथंच बहुतेकांचं सोनं हरवतं आणि त्यांना पत्ताही लागत नाही. केर आहे म्हणजे त्यात कागद, कोळसा, मेण, केस, पॉलिशची भुकटी, सगळंच असणार. आधी तो उघड्या मुशीत हळूहळू भाजून राख कर. कोळशाचा अंश राहिला, तर विरघळलेलं सोनं तो पुन्हा ओढून घेतो. मग अम्लराज, हायड्रोक्लोरिक तीन भाग आणि नायट्रिक एक भाग, ताजं केलेलं. उरलेलं नायट्रिक आणि त्याचे पिवळे वायू तुझ्या रंगद्रव्याला खातात, म्हणून ते घालवलेच पाहिजेत. चिमूटभर मीठ टाकायचं, वॉटर बाथवर आटवायचं, पुन्हा हायड्रोक्लोरिक, पुन्हा आटवायचं. पण कोरडंठाक होऊ द्यायचं नाही. भांड्याच्या तळाशी ओलसर पिवळा डाग राहिला की उतरव. जास्त तापलं की सोन्याचं क्लोराईड फुटतं आणि सोनं तळाला चिकटून बसतं. ते परत विरघळत नाही आणि रीडिंग कमी येतं. हे सगळं धुराच्या कपाटात कर. पंखा चालू आहे का, हे कागदाचा कपटा धरून बघ. आवाज येतो म्हणजे हवा ओढली जाते असं समजू नकोस.

पुढचा धोका काचेचा. सोन्याचं पातळ द्रावण साध्या पाण्यात ठेवलंस, तर काही दिवसांत त्यातलं सोनं बाटलीच्या भिंतीला लागतं. ॲसिड असेल तर ते टिकतं. म्हणून स्टॉक आणि त्यापासून केलेली द्रावणं हायड्रोक्लोरिकमध्येच ठेव, दहाला एक या प्रमाणाच्या आसपास. दर लिटरला 1000 मिलिग्रॅमची स्टॉक बाटली महिनोन्महिने टिकेल. दर मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅमचं द्रावण मात्र त्याच दिवशी कर आणि त्याच दिवशी संपव. पातळ करताना एकदम हजारपट उडी मारू नकोस, दहा-दहाच्या पायऱ्यांनी ये. कागदाचे तुकडे, धूळ, हाताचा घाम, उन्हाचा कवडसा, यातलं काहीही सोन्याला धातू करून टाकू शकतं. बोटांवर सांडलं तर दुसऱ्या दिवशी जांभळट डाग दिसेल. तो सोन्याचाच असतो.

भांडी धुवायला जुने लोक क्रोमिक ॲसिड वापरत. तू वापरू नकोस. त्यातलं क्रोमियम काचेत शिरून बसतं, शिवाय ते विषारी. थोड्या अम्लराजानं खळबळ, मग भरपूर डिस्टिल्ड वॉटर. डिस्टिल्ड वॉटरवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस. आपल्याकडं नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात कितीतरी जमिनी खारवट आणि चोपण झाल्या आहेत. बोअरचं पाणी जिभेलाच कळतं. डिस्टिलेशनची भट्टी जोरात चालली, की त्यातले थेंब उडून पलीकडं जातात. सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकून बघ. पाणी पांढुरकं झालं तर परत काढ. सोन्याला एवढं क्लोराईड चालून जाईल. पण उद्या तू चांदीकडं वळलीस, तर त्या एका गोष्टीनं सगळी मालिका बाद होईल.

आणि हो, अंगावरचं सोनं. अंगठी, बांगड्या काढून ठेव. मंगळसूत्र ॲप्रनच्या आत. सांगताना हसू येतं, पण तू मायक्रोग्रॅममध्ये शोधणार आहेस. भूगर्भवाले सोन्याचे नमुने गोळा करतात, तेव्हाही अंगठी घालू देत नाहीत.

मायक्रोग्रॅम म्हणजे किती, याचा अंदाज हाताला आला पाहिजे. वालचंदनगरात रॉकेटच्या मोटारींची आवरणं आणि साखर कारखान्यांच्या गिअरपेट्या होतात. तिथं माणसं टनात विचार करतात आणि मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शासाठी भांडतात. तुझं उलटं आहे. सोन्याचा गोल कण घे, व्यास एक मिलिमीटरचा दहावा भाग. सोन्याची घनता 19.3. गुणाकार कर, वजन दहा मायक्रोग्रॅम येतं. आता दुसरा हिशेब. दर मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅम सोनं असलं, तर एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये शोषण साधारण 0.49 येतं. चांगलं रीडिंग 0.2 ते 0.8 च्या मधलं. तू दहा मिलिलिटर द्रावकात काढणार असशील, तर तुझ्या फनेलमध्ये एकूण चार ते सोळा मायक्रोग्रॅम सोनं हवं. म्हणजे तो एकच कण तुझ्या मोजपट्टीच्या मधोमध बसतो. केराच्या एका ग्रॅममध्ये तो आला तर दहा लाखांत दहा भाग, नाही आला तर शून्य. दोन्ही रीडिंग खरी आणि दोन्ही निरुपयोगी.

तेव्हा नमुना किती घेतलास यावर सगळं आहे. केर चिमटीनं उचलू नकोस. पोतंभर असला तरी सगळा वाळव, दळ, चाळ. चाळणीवर राहिलेली चमकदार पातळ पत्री फेकू नकोस, ती दळली जात नाही, चपटी होते. तिचं वजन वेगळं कर आणि तिचा हिशेब वेगळा मांड. खाली पडलेल्याचा ढीग घाल, चार वाटे कर, समोरासमोरचे दोन ठेव, दोन बाजूला सार. पुन्हा ढीग, पुन्हा वाटे. शेवटी पंचवीस-तीस ग्रॅम उरतील ते सगळे भाजून विरघळव आणि त्या द्रावणातून मग मिलिलिटर मोजून घे. द्रावणात सोनं सगळीकडं सारखं असतं, केरात नसतं. पूर्वीचे झारेकरी सोनाराच्या दारातली माती धुऊन पोट भरायचे. त्यांना रसायनशास्त्र येत नव्हतं, पण कुठल्या कोपऱ्यातली माती घ्यायची ते पक्कं ठाऊक होतं. सोनाराच्या बैठकीखालची, भट्टीशेजारची आणि मोरीजवळची माती वेगवेगळी तपास. त्यांची मिसळ करशील, तर सराफाला नुसता आकडा देशील, गळती कुठं आहे ते सांगता येणार नाही.

जमलं तर विट्याकडं एक फेरी मार. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागातली गलाईवाली मराठी कुटुंबं केरळपासून पंजाबपर्यंत सोनं-चांदी गाळायला गेली आहेत. दिवाळीला, जत्रेला गावी येतात. नायट्रिकमध्ये मिश्रधातूतलं तांबं-चांदी विरघळवून सोनं मागं ठेवायचं, हे त्यांचं रोजचं काम. सोन्यात चांदी जास्त नसेल तर नायट्रिक आत शिरत नाही, म्हणून आधी मुद्दाम चांदी मिसळायची, हा खुबीदार टप्पा त्यांच्या तोंडून ऐक. हॉलमार्कवाल्यांची अग्निपरीक्षाही त्याच तत्त्वावर चालते. शिसं घालून हाडांच्या राखेच्या वाटीत वितळवतात, शिसं वाटीत जिरतं, सोनं-चांदीचा मणी उरतो, मग नायट्रिक. 916 आहे की 900 हे ठरवायला त्याहून भरवशाची पद्धत नाही. पण त्यासाठी तराजूवर ठेवण्याएवढा मणी लागतो. धुण्याच्या पाण्यात तो मिळणार नाही. तिथं तुझा रंग लागतो. सराफाकडचं क्ष-किरणांचं यंत्र वरवरचा थर बघतं, त्यामुळं तेही इथं उपयोगाचं नाही. मोठ्या प्रयोगशाळांत प्लाझ्मावर चालणारी यंत्रं आहेत, ती तुझ्याहून हजारपट खाली बघतात. ज्याला परवडतं त्यानं ती वापरावीत. तालुक्याच्या कॉलेजात साधा स्पेक्ट्रो असतो आणि त्यावर जे होतं ते काही कमी नाही.

फनेलमध्ये हलवणं हे खरं हातकाम. जोरात झटके दिलेस तर दुधासारखी मिसळण होईल आणि थर सुटायला तास लागेल. दोन-तीन मिनिटं एका लयीत हलव, मधे मधे तोटी वर करून वाफ सोड. थर स्वच्छ सुटू दे. वरच्या थरात पाण्याचा एक बारीक थेंब तरंगत राहिला, तर लक्षात घे की त्या पाण्यात रंगद्रव्य ठासून भरलंय. तेवढ्यानं रीडिंग उडी मारतं. म्हणून तो थर कोरड्या गाळणकागदातून किंवा निर्जल सोडियम सल्फेटच्या चिमटीवरून काढ. दोन जुळे नमुने जुळले नाहीत, तर पहिला संशय या थेंबाचा घे. मार्च ते मे इंदापूरच्या उन्हात आणखी एक भर पडते. द्रावक म्हणून घेतलेलं आयसोप्रोपिल ईथर 68 अंशांना उकळतं. चाळीस अंशांच्या खोलीत बाटली उघडी राहिली, की ते उडून जातं आणि रंग आपोआप दाट होतो. झाकण घट्ट ठेव, काम सकाळी उरक.

त्या ईथरबद्दल थोडं थांबून ऐक. उघडलेल्या बाटलीत हवेमुळं पेरॉक्साईड तयार होतात आणि ती स्फोटक असतात. बाटली उघडलीस त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिही. वापरण्याआधी थोडं ईथर घेऊन त्यात ॲसिड आणि पोटॅशियम आयोडाइड टाक, पिवळं झालं तर वापरू नकोस. झाकणाभोवती किंवा तळाशी स्फटिक दिसले, तर बाटलीला हातही लावू नकोस, सरांना बोलाव. ईथर कधीही कोरडं होईपर्यंत आटवायचं नाही. जुन्या पेपरांत बेंझीन असतं, त्यानं कॅन्सर होतो, तिथं टोल्युईन वापर. द्रावक बदललास की स्टँडर्डही नव्यानं काढ, रंगाचं शिखर थोडं सरकतं. आणि सोन्याच्या द्रावणात अमोनिया कधीच घालू नकोस. त्यातून जो साका बसतो, तो सुकल्यावर नुसत्या घासण्यानं उडतो. उरलेलं सोनं आणि अमोनियाची बाटली एका बेसिनवर यायला नको.

ॲसिड किती, यात नुसत्या पेपरवर जाऊ नकोस. हायड्रोक्लोरिक फार तीव्र झालं, सहा मोलरच्या आसपास गेलं, की लोखंडही सोन्यासारखाच चार क्लोरीनचा घोळका बनवून वर जातं. एक मोलरच्या खाली ते पाण्यातच राहतं. प्लॅटिनम आणि पॅलेडियमच्या घोळक्यांवर दोन भार असतात, त्यांना पाणी सोडवत नाही. तांबं, जस्त तर खालीच बसतात. खरा उपद्रव अँटिमनी आणि थॅलियमचा. दोन्ही एका भाराचे घोळके करतात आणि सोन्याचं सोंग घेऊन वर जातात. थॅलियम केरात सापडणार नाही, अँटिमनी कधी कधी सापडेल. संशय आला तर सोनं आधी वेगळं कर. द्रावणात थोडं टेल्युरियम घाल, स्टॅनस क्लोराईड टाक, काळा साका बसतो आणि सोनं त्याच्याबरोबर खाली येतं. तो गाळून, धुऊन, पुन्हा अम्लराजात. वेळ जातो, पण नंतरच्या रीडिंगवर वाद राहत नाही.

ऱ्होडामीन नाही मिळालं तर ब्रिलियंट ग्रीन आहे, क्रिस्टल व्हायोलेट आहे. क्रिस्टल व्हायोलेट म्हणजे दवाखान्यात तोंड आल्यावर लावतात ते जांभळं औषध, जेन्शियन व्हायोलेट. त्याचं रीडिंग टोल्युईनमध्ये सहाशे नॅनोमीटरच्या आसपास. पण ही दोन्ही ॲसिडला नाजूक. ॲसिड वाढलं की जांभळा हिरवा होतो, मग पिवळा, आणि पिवळा झालेला सोन्याशी जोडी जमवत नाही. म्हणून तिथं ॲसिड ऱ्होडामीनपेक्षा पातळ ठेवावं लागतं. प्रत्येक रंगद्रव्याची ॲसिडची सवय वेगळी, ती आधी तू स्वतः आलेख काढून शोध. ॲसिड बदलत जा, बाकी सगळं तसंच ठेव, रीडिंग कुठं सपाट राहतं ते बघ आणि त्या सपाटीच्या मधोमध काम कर. उतारावर काम केलंस, तर पिपेटच्या एका थेंबानंही निकाल हलेल.

चांदीचं नाव निघालंच तर सांगून ठेवतो. एक्स-रेच्या फिक्सरमध्ये चांदी बरीच जाते. डॅगनल आणि वेस्ट या दोघांनी 1964 साली फेनॅन्थ्रोलीन आणि ब्रोमोपायरोगॅलॉल रेड यांच्या संगतीनं चांदी मोजायची पद्धत दिली, 635 नॅनोमीटरला, शोषकता 51 हजारांच्या आसपास. तिथं क्लोराईडचा थेंब चालत नाही. सोनं क्लोराईडमध्ये सांभाळायचं, चांदी नायट्रेटमध्ये. दोन्हींची भांडी वेगळी ठेव आणि नावाच्या चिठ्ठ्या चिकटव. केराच्या नमुन्यात चांदी असणारच, ती अम्लराजात पांढरा दही-साका होऊन बसेल. त्यात सोनंही अडकतं, म्हणून तो गरम पातळ हायड्रोक्लोरिकनं नीट धुऊन मगच टाकून दे.

स्पेक्ट्रो लावल्यावर अर्धा तास दिवा तापू दे. गावातला व्होल्टेज खाली-वर होतो, स्टॅबिलायझर लाव आणि दर पाच-सहा नमुन्यांनंतर एक स्टँडर्ड परत वाच. स्टँडर्ड क्रमानं वाचू नकोस, मिसळून वाच. चढत्या क्रमानं वाचले की मशीन हळूहळू सरकत असेल तरी रेष सुंदर सरळ येते आणि आपण खूश होतो. रेषा शून्यातून जावी म्हणून तिला ओढू नकोस. ती शून्याच्या वर छेदत असेल, तर ब्लँक काहीतरी सांगतेय. एकच द्रावण तीनदा वाचलं म्हणजे तीन रीडिंग झाली असं धरू नकोस. केराच्या तीन वेगळ्या वाट्यांपासून तीन वेळा सगळं केलंस, तर ती तीन.

सगळ्यात मोठी परीक्षा परतीची. नमुन्याचे दोन सारखे भाग घे, एकात माहीत असलेलं सोनं टाक, समजा आठ मायक्रोग्रॅम, आणि दोन्ही पहिल्या टप्प्यापासून शेवटपर्यंत ने. दोघांतला फरक आठच्या जवळ आला पाहिजे. सहा आला, तर सोनं कुठं तरी गळतंय. काचेला लागलं, जळलं, नायट्रिकनं रंग खाल्ला. दहा आला, तर बाहेरून काही येतंय. हे सोनं भाजण्याआधी टाक. शेवटी फनेलमध्ये टाकलंस, तर फनेलची परीक्षा होईल, भाजण्याची होणार नाही, आणि गळती बहुधा भाजण्यातच असते. खोपकरांचं विश्लेषण रसायनाचं पुस्तक तुम्हाला एम.एस्सी.ला असेलच. मुंबईच्या आयआयटीत त्यांनी द्रावक-निष्कर्षणावर हयात घालवली, त्यावरचं त्यांचं प्रकरण आता पुन्हा वाच. परीक्षेसाठी वाचलेलं वेगळं आणि हातात फनेल असताना वाचलेलं वेगळं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातही सोनं आणि पॅलेडियम असं रंगावरून काढण्याचं बरंच काम झालंय. तिथल्या कुणाशी बोलता आलं, तर पेपरात न लिहिलेल्या अडचणी विचार.

उरलेलं काही बेसिनमध्ये ओतू नकोस. टोल्युईन आणि ईथर वेगळ्या झाकणाच्या बाटल्यांत. रंगीत पाणी वेगळ्या कॅनमध्ये, ते गटारानं ओढ्यात गेलं तर लांबवर गुलाबी दिसतं आणि लोक कॉलेजच्या नावानं बोंबलतात. सोन्याची शिल्लक द्रावणं एकत्र कर. शंभर मिलिलिटर स्टॉकमध्ये शंभर मिलिग्रॅम सोनं असतं, गुंजेहून थोडं कमी, पण वर्षभराचं साठलं की मोजण्याएवढं होतं. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट थोडं थोडं टाक, कपाटात, वास घेऊ नकोस. सोनं तपकिरी भुकटी होऊन खाली बसेल. पिवळं दिसत नाही म्हणून गाळ समजून फेकू नकोस. रात्रभर ठेव, वरचं पाणी निवळू दे, त्या पाण्यातला एक थेंब स्टॅनस क्लोराईडवर टाकून बघ. जांभळं झालं तर अजून सोनं वरच आहे. नाही झालं, तर भुकटी गाळून, धुऊन, सुकवून लहान बाटलीत ठेव आणि बाटलीवर वजन लिही.